स्पोर्ट्स कारचा क्लच: मालगुंडच्या अंगणात होण्याजोगी कामं

रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली अबार्थ पुंटो बाहेर पडली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत आणि ताकद १४५ बीएचपी असं गणित जमलेली दुसरी गाडी बाजारात शोधावी लागत होती. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर आणि डाव्या पायाखाली खराखुरा क्लच. महाराष्ट्र-गोव्यात बनलेल्या स्पोर्टी गाड्यांपैकी चटकन आठवतात त्या तीन. गोव्यात तयार झालेली चिमुकली सॅन स्टॉर्म, दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आणि ही पुंटो. त्यातली रस्त्यावर अजून खरोखर दिसते ती पुंटोच. आता तिचंही उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली. त्यामुळे ज्यांच्याकडे ती आहे ते तिला जिवापाड जपतात, आणि जपता जपता तिच्यात काहीबाही करत राहतात.

त्यातलं पहिलं काहीबाही म्हणजे क्लच. सुट्टीत मुंबई-पुण्याहून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मालगुंडला आलेल्या गाडीवाल्याशी गप्पा निघाल्या की तक्रार ठरलेली असते. क्लच नेमका कुठे धरतो ते पायाला कळत नाही, दुसऱ्यातून तिसऱ्यात घाईनं टाकला की गाडी हिसका देते, रिव्हर्स टाकताना खर्रर होतं. उपायही त्याने आधीच ठरवलेला असतो: परदेशी कंपनीची कडक प्रेशर प्लेट आणि तांब्याच्या टिकल्यांची क्लच प्लेट. खर्च भलामोठा, गिअरबॉक्स उतरवावा लागणार, आणि एवढं करून घाटात गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालणार.

माझं म्हणणं साधं आहे. रस्त्यावरच्या गाडीत गिअर टाकण्याची मजा वाढवायची तर कामाला पेडलपासून सुरुवात करायची आणि गिअरबॉक्सकडे सगळ्यात शेवटी जायचं. बहुतेकांना शेवटपर्यंत जावंच लागत नाही. खाली दिलेली कामं मी त्याच क्रमाने लावली आहेत. क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

पायापासून प्लेटपर्यंत

पेडल दाबलं की त्याला जोडलेली दांडी मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलते. तिथलं ब्रेक ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, स्लेव्ह फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं आत दाबतं. प्रेशर प्लेट उचलली जाते, क्लच प्लेट मोकळी होते. काही गाड्यांत फोर्क नसतो. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती बसवलेला असतो. जुन्या आणि स्वस्त गाड्यांत ऑइलऐवजी तारेची केबल असते. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते आधी पाहून घ्या, कारण पुढची निम्मी कामं त्यावर ठरतात.

या साखळीत कुठेही ढिलाई, हवा, गंज किंवा कोरडेपणा शिरला की पायाला मिळणारा निरोप पुसट होतो. मालगुंडात हे लवकर होतं. गायवाडीच्या किनाऱ्यावरून येणारा खारा वारा, जूनपासूनचा चार महिन्यांचा पाऊस, आणि वर्षाचे दहा महिने अंगणात झाकून ठेवलेली गाडी. उभ्या गाडीचा क्लच चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडतो असं म्हटलं तर मुंबईकरांना पटत नाही, पण स्लेव्ह सिलिंडरचा फाटका रबरी बूट काढून आतला लालसर चिखल दाखवला की पटतं.

आधी मोजमाप

एक फूटपट्टी, एक मार्कर आणि वही घ्या. चार मापं लिहा, पहिली तीन इंजिन बंद ठेवून: पेडल मोकळं असताना जमिनीपासून किती उंच आहे, हाताने दाबलं तर दांडी पिस्टनला टेकण्याआधी ते किती सैल हलतं, म्हणजेच फ्री प्ले, पूर्ण दाबल्यावर जमिनीपासून किती अंतर उरतं, आणि मग इंजिन चालू करून, सपाटीवर, गाडी हलायला लागते तो बिंदू किती उंचीवर येतो. शेवटचं माप तीन-चारदा घ्या. दर वेळी वेगळं आलं, तर ऑइलमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय, असं समजायला हरकत नाही.

आता दोन परीक्षा. पहिली घसरण्याची. इंजिन गरम झाल्यावर रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० किलोमीटरवर आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे फेरे एकदम वर गेले आणि वेग मात्र रेंगाळला, तर क्लच घसरतोय. अशा गाडीत पेडलवर कसलेही प्रयोग करू नका. तिला नवी प्लेट हवी.

दुसरी परीक्षा पूर्ण सुटण्याची. इंजिन निवांत चालू, हँडब्रेक ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर. क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग जुळवून घेणारी रिंग, नसतो, त्यामुळे तो लबाडी करत नाही: क्लच पूर्ण सुटत नसेल तर दात वाजतात. आवाज आला तर पुढची पायरी वाचा. नाही आला तरी वाचा.

ऑइल: निम्मं काम इथेच

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीच्या पट्ट्यातला एखादा जुना फोरमन क्लचची तक्रार ऐकून घेतो, बॉनेट उघडतो, ब्रेक ऑइलच्या टाकीत डोकावतो आणि म्हणतो, "पिलेट नाय गेलेली हो. आदी त्याल बदला." बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ऑइलं हवेतली ओल शोषतात. डॉट ४ नव्या डब्यातून काढलं तेव्हा त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो किमान १५५ अंशांवर येऊन ठेपतो. क्लच हाऊसिंगला इंजिनची धग लागते. अंगारकीच्या दिवशी गणपतीपुळ्याच्या रांगेत गाडी तासभर ढकलत नेली की स्लेव्ह सिलिंडर चांगलाच तापतो, ओलसर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं लागतं. पाण्याने सिलिंडरच्या आत गंजही धरतो आणि तो गंज सीलं खरवडतो. दोन वर्षांनी ऑइल बदलावं हा नेहमीचा नियम. किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीला मी दर वर्षी, पाऊस सरल्यावर, बदलायला सांगेन.

पद्धत अशी. ऊन असलेला कोरडा दिवस निवडा. गाडीच्या ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच सीलबंद ऑइल आणा. फक्त क्लचसाठी अर्ध्या लिटरचा डबा पुरतो. दुकानात मागच्या वर्षी फोडलेला डबा "चांगला आहे हो" म्हणून मिळाला तर तो घेऊ नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही, आणि इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल चुकूनही घालायचं नाही. त्याने रबरी सीलं फुगतात आणि सगळी यंत्रणा बदलावी लागते. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते, म्हणजे ही चूक ब्रेकलाही भोवते.

जुनं ऑइल टाकीतून सिरिंजने ओढून घ्या. कोऱ्या चहाच्या रंगाचं आलं तर नवल मानू नका. नवं ऑइल फिकट मधासारखं दिसतं. नवं ऑइल भरा. आता स्लेव्ह सिलिंडरवरचं ब्लीडिंगचं, म्हणजे हवा काढायचं, निपल शोधा. ते गंजलेलं असणारच. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, आणि बरोबर मापाचा रिंग पाना लावा. उघडा पाना लावाल तर कडा झिजतील, आणि निपल तुटलं तर नवा स्लेव्ह सिलिंडर आला. पाना थोडा आवळण्याच्या दिशेला हलवून मग सैल करायची युक्ती इथे कामाला येते.

निपलवर पारदर्शक नळी घाला, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवा. एक माणूस पेडलपाशी, एक निपलपाशी. "दाब" म्हटल्यावर पेडल सावकाश खाली, निपल अर्धा फेरा सैल, ऑइल आणि बुडबुडे बाहेर, निपल आवळायचं, मगच "सोड". निपल बंद होण्याआधी पेडल सुटलं तर तीच हवा परत आत जाते. घरात भाऊ-भाऊ हे काम करताना भांडणं होतात ती इथेच. चार-पाच खेपांनी टाकीतली पातळी बघा. ती तळाला गेली तर पहिल्यापासून सुरू. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. हवा वरच्या वळणात अडून बसली असेल तर मोठ्या सिरिंजने खालून, स्लेव्हच्या बाजूने, सावकाश ऑइल वर ढकला; सिरिंजच्या आत हवा नाही ना ते तेवढं बघा आणि टाकी आधी थोडी रिकामी करून ठेवा.

ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पुसत बसू नका. आणि गाडीखाली जायचं असेल तर एक सूचना, जी पुण्याच्या लेखात द्यावी लागली नसती: जॅकखाली जाड फळी ठेवा, कारण अंगणाच्या मातीत तो रुततो, आणि गाडीला आधार म्हणून जांभ्याचा चिरा कधीही लावू नका. चिरा भार घेतोय असं वाटत असतानाच फुटतो. लोखंडी स्टँडच हवेत.

एवढं केल्यावर गाडी दोन-तीन दिवस चालवा. हिसका गेला, रिव्हर्स मुकाट पडू लागला, तर लेख इथेच मिटायला हरकत नाही.

पेडलची कामं

पेडलच्या टांगणीला प्लास्टिकची किंवा पितळी बुशं असतात. ती कोरडी पडली की पेडल कुरकुरतं आणि क्लच धरतो त्या बिंदूवर अडखळतं. झिजली की डावी-उजवीकडे डुलतं. टॉर्च घेऊन खाली वाका, पेडल आडवं हलवून बघा. प्लास्टिकच्या बुशांना सिलिकॉन ग्रीस लावा. स्प्रेच्या डब्यातलं पातळ तेल मारलं तर आठवडाभर बरं वाटतं, मग तिथे धूळ चिकटते. काम दहा मिनिटांचं, खर्च नगण्य, आणि फरक हात फिरवल्यासारखा कळतो.

पुढे दांडी. मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांडीवर आटे आणि चेकनट असतो, म्हणजे ती लांब-आखूड करता येते. सगळ्या गाड्यांत नाही, पण अनेकांत. दांडी लांब केली की फ्री प्ले कमी होतो आणि क्लच वर धरतो; आखूड केली की खाली धरतो. धरण्याची जागा आपल्या बसण्याच्या पद्धतीप्रमाणे थोडी सरकवणं हाच या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त फेरफार आहे. एका वेळी अर्धा फेरा फिरवा, चेकनट आवळा, चालवून बघा.

मात्र फ्री प्ले शून्यावर नेऊ नका. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पेडल पूर्ण सुटल्यावर तिथून ऑइल टाकीत परत जातं. दांडीने पिस्टन जरासा जरी पुढे धरून ठेवला तर ते भोक झाकलं जातं. ऑइल तापतं, फुगतं, परत जायला वाट मिळत नाही, आणि क्लच आपोआप किंचित दाबलेला राहतो. गाडी सकाळी उत्तम, आंबा घाट चढता चढता घसरायला लागते, घाटमाथ्यावर थांबून गार झाली की पुन्हा उत्तम. अशी गाडी घेऊन लोक नवी प्लेट टाकून येतात आणि महिन्यात ती प्लेटही जळते. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये फ्री प्लेचं माप दिलेलं असतं. त्याच्या आत राहा.

मग येते मदतनीस स्प्रिंग. बऱ्याच गाड्यांत पेडल हलकं लागावं म्हणून टांगणीपाशी एक जाड स्प्रिंग बसवलेली असते. पेडल वर असताना ती त्याला वरच ढकलते, आणि मधला बिंदू ओलांडला की खाली ढकलायला लागते. ट्रॅफिकमध्ये पायाला आराम. पण स्प्रिंगने कूस बदलली तो क्षण आणि क्लचने धरलं तो क्षण एकमेकांत मिसळतात, आणि पायाला नेमकं काही कळत नाही. जपानी-अमेरिकी हौशी लोक टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडमध्ये हीच स्प्रिंग काढतात किंवा मऊ टाकतात. आपल्याकडेही करता येतं. काढल्यावर पेडलचं वजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं वाढत जातं आणि धरण्याची जागा स्वच्छ कळते. तोटा असा, की पेडलला वर नेऊन ठेवणारी शक्तीही तीच होती. स्प्रिंग काढल्यावर पेडल शेवटचा सेंटीमीटर आपणहून वर येतंय का ते बोटाने तपासा. येत नसेल तर क्लच कायम किंचित दाबलेला राहील आणि वरच्या परिच्छेदातलीच गत होईल. अशा वेळी मऊ स्प्रिंग टाका, पूर्ण काढू नका. काढताना डोळ्यांवर चष्मा असू द्या, दबलेली स्प्रिंग कुठेही उडते. आणि जुनी स्प्रिंग पिशवीत घालून डिकीत ठेवा.

पेडलच्या कामांतलं शेवटचं म्हणजे स्टॉप. काही गाड्यांत क्लच पूर्ण सुटल्यावरही पेडल आणखी पाच-सहा सेंटीमीटर खाली जात राहतं. ती वायफळ वाट वाचवायला पेडलखाली जमिनीवर किंवा पेडलच्या मागे एक रबरी टोकाचा बोल्ट बसवतात, चेकनटसह. रिव्हर्सची परीक्षा इथे पुन्हा उपयोगी पडते. पेडलखाली लाकडी ठोकळे ठेवत कुठपर्यंत दाबलं की रिव्हर्स मुकाट पडतो ते शोधा, आणि तिथून आणखी किमान १५ मिलिमीटर खाली स्टॉप लावा. ही मोकळीक कंजूषपणे कापू नका. गाडी तापल्यावर आणि प्लेट झिजल्यावर तो बिंदू सरकतो. मोकळीक नसेल तर क्लच अर्धवट सुटेल आणि सिंक्रोच्या रिंगा खाल्ल्या जातील. पेडल पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरणाऱ्या गाड्यांत खालचा स्विच दाबला जातोय ना, तेही बघा.

अडवणारी झडप

घाईने गिअर टाकताना पाय क्लचवरून केव्हाच उठला आहे, पण क्लच मात्र आपल्या मर्जीने, अर्धा क्षण उशिरा धरतो, असं वाटत असेल तर नळीत कुठेतरी बारीक भोकाची झडप असण्याची शक्यता आहे. बीएमडब्ल्यूच्या मॅन्युअल गाड्यांमुळे ती बदनाम झाली. ऑइल परत जाण्याचा वेग ती कमी करते, म्हणजे कुणी पेडल एकदम सोडलं तरी गिअरबॉक्स आणि अॅक्सलना धक्का बसू नये. शिकाऊ चालकाच्या हातात गाडी असेल तर ही झडप म्हणजे वरदान. जाणत्या चालकाला ती त्रास देते, कारण त्याने इंजिनचे फेरे बरोबर जुळवलेले असतात आणि क्लच तेवढ्यात घसरत राहतो. तो हिसका चालकाच्या पायाचा नसतो, झडपेचा असतो.

ती कुठे असते ते गाडीगणिक वेगळं. बीएमडब्ल्यूत बहुधा स्लेव्ह सिलिंडरजवळच्या जोडात. काही गाड्यांत सिलिंडरच्या तोंडाशी किंवा ब्लीडिंगच्या कोपऱ्यात. सर्व्हिस मॅन्युअलमधलं चित्र पाहिल्याशिवाय काही उघडू नका, कारण प्रत्येक गाडीत ती असतेच असंही नाही. सापडली तर तिला ड्रिलने भोक पाडण्यापेक्षा मोकळ्या भोकाचा तसाच दुसरा जोड बसवा. ड्रिलचा एक बारीक कीस ऑइलमध्ये राहिला तरी सील कापतो. मूळ झडप जपून ठेवा. गाडी विकताना किंवा मुलगा गाडी शिकायला लागला की परत लागेल.

नळी मोकळी केलीच आहे तर रबरी होजकडेही बघा. जुना रबर दाबाखाली फुगतो आणि पायाचा थोडा जोर तिथेच जिरतो. स्टेनलेस स्टीलच्या जाळीची, आत टेफ्लॉनची नळी घातली तर पेडल घट्ट लागतं. किनाऱ्यावर अशी नळी घ्यायची तर वर प्लास्टिकचं आवरण असलेलीच. नाहीतर जाळीत मीठ आणि वाळू बसते आणि शेजारच्या वायरी घासल्या जातात. दोन्ही कामांनंतर ब्लीडिंग पुन्हा करायचं, हे वेगळं सांगायला नको.

झडप काढल्यावर पहिले काही दिवस गाडी हिसके देईल. तेव्हा हिसका तुमच्या पायाचा असतो. डावा पाय आठवड्याभरात शिकतो.

गिअरच्या बाजूचं थोडंसं

गिअर जड पडतो याचा दोष सरसकट क्लचवर येतो, पण लिव्हरच्या केबलची बुशं झिजली असतील किंवा गिअरबॉक्सचं ऑइल वर्षानुवर्षं तसंच असेल, तरी हेच होतं. ऑइल बदलताना डब्यावरचं जीएल-४ की जीएल-५ ते मॅन्युअलशी ताडून बघा. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असं नाही. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. आखूड लिव्हर बसवली तर हाताचं अंतर कमी होतं, जोर वाढतो. इंजिनची खालची माऊंटिंग कडक पॉलियुरेथेनची केली तर गिअर टाकताना इंजिन डोलत नाही, पण स्टिअरिंग थरथरतं आणि घरचे लोक बोलतात.

कडक क्लच कुणी टाकावा

क्लच किती टॉर्क पेलेल ते प्लेटचं घर्षण, दाबाचा जोर आणि प्लेटची त्रिज्या यावर ठरतं. त्रिज्या बदलता येत नाही, म्हणून बाजारात मिळणारी किटं एकतर दाब वाढवतात किंवा घर्षण. दाब वीस टक्के वाढवला तर टॉर्क पेलण्याची ताकदही साधारण तेवढीच वाढते, आणि पायाला लागणारा जोर, रिलीज बेअरिंगवरचा भार, क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरचा भार, सगळंच त्या मापाने वाढतं. घर्षण वाढवायला तांब्याच्या किंवा सिरॅमिकच्या टिकल्यांची प्लेट टाकली तर ती एकतर सुटलेली असते किंवा धरलेली. मधलं काही नाही. चढावर गाडी सावकाश उचलणं अवघड, रिव्हर्समध्ये थरथराट. नेवऱ्याच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली आणि चढावर दहा फूट मागे घ्यावं लागलं, की या प्लेटची किंमत कळते.

हलकं फ्लायव्हील हाही मोहाचा प्रकार. फेरे चटकन वर जातात, चटकन खाली येतात, आणि सिग्नलला गाडी बंद पडते.

कंपनीचा क्लच कंपनीच्या टॉर्कसाठी आणि वर थोड्या शिलकीसह केलेला असतो. इंजिनचं रिमॅपिंग करून टॉर्क बराच वाढवला असेल आणि चौथ्या गिअरच्या परीक्षेत नवी प्लेटही घसरत असेल, तरच दाब वाढवलेली प्रेशर प्लेट घ्या, आणि तिच्यासोबत ऑरगॅनिक म्हणजे मूळ जातीचीच प्लेट. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग, फोर्कची गोळी, शाफ्टचं ऑइल सील ही लहान कामं त्याच वेळी उरका. पुंटोसारख्या बंद झालेल्या गाडीत सुटे भाग हाती आल्याशिवाय बोल्ट सैल करू नका. मालगुंडात गाडी महिनाभर ठोकळ्यांवर उभी राहिलेली बघायला वाईट वाटतं, आणि तोवर खारी हवा आपलं काम करत असते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या माहितीशी न जुळणाऱ्या फेरफारांना मनाई करतं. पेडलची स्प्रिंग किंवा क्लच प्लेट त्या नोंदींत नसते, पण वॉरंटी चालू असेल तर कंपनी दावा नाकारू शकते, आणि मोठा फेरफार विमा कंपनीला कळवलेला बरा.

रस्त्यावरची परीक्षा

काम झाल्यावर आरे-वारेचा रस्ता पकडा. मालगुंडहून गणपतीपुळे, भंडारपुळे, नेवरे करत पुढे गेलं की चढ, उतार, वळणं सगळं एकाच वाटेवर मिळतं. सकाळी लवकर निघा. दहानंतर तिथे फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या वळणावरच उभ्या असतात. दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा असे बदल शांतपणे करा आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्या: पाय आणि क्लच यांत अंतर राहतंय का, खाली येताना फेरे जुळवल्यावर गाडी गुपचूप धरते का, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर फेरे उगाच वर जातायत का. चढावर थांबून हँडब्रेकवर गाडी उचलून बघा. हाफ क्लचवर तोलून धरण्याची सवय असेल तर ती सोडा, तिच्यापुढे कुठलीच प्लेट टिकत नाही.

मग उलटी परीक्षा: गर्दीच्या रविवारी गणपतीपुळ्याच्या देवळापर्यंत जाऊन या. गुडघा दुखला तर मदतनीस स्प्रिंग परत बसवा. परतल्यावर गाडी गरम असतानाच फ्री प्ले आणि रिव्हर्सची परीक्षा पुन्हा घ्या आणि आकडे वहीत सुरुवातीच्या मापांशेजारी लिहा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. स्लेव्ह सिलिंडरच्या बुटावर, पेडलच्या मागे गालिच्यावर ऑइलचा ओलावा दिसला तर गाडी तिथेच थांबवा, कारण टाकी एकच असेल तर ती गळती ब्रेकचीही आहे.

साधनं नसतील किंवा गाडीखाली जायची भीती वाटत असेल तर ऑइल, दांडी आणि झडप ही कामं रत्नागिरीतल्या फोरमनकडून करून घ्या. पण वही सोबत न्या आणि एका वेळी एकच काम सांगा.